शॉर्ट सर्किटनंतरची सॉफ्ट टॉइज: काजळी, करपट वास आणि ससोबाचं पोट

नाशिक, एप्रिल महिना, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. मुलीच्या खोलीत स्टडी टेबलखाली एक्स्टेन्शन बोर्ड, त्याच्यावर लॅम्प, टॅबचा चार्जर आणि छोटा कूलर, सगळे एकालाच लटकलेले. दुपारची वेळ, घरात फक्त आजी, त्या हॉलमध्ये जरा आडव्या झालेल्या. बोर्ड तापला, वायरचं कव्हर वितळलं आणि टेबलाखाली गुंडाळून ठेवलेली योगा मॅट धुमसायला लागली. ज्वाळा फार नव्हत्याच, पण धूर असा की आजींना वास येऊन त्या उठेपर्यंत खोलीतलं कपाट दिसत नव्हतं. आजी हुशार, पाणी ओतायला धावल्या नाहीत, आधी मेन स्विच पाडला, मग आरडाओरडा केला, वॉचमनने जिन्यातला लाल सिलिंडर आणून फवारला आणि विषय मिटला. कुणाला काही झालं नाही हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

आमचं काम सोफे, गाद्या, पडदे धुण्याचं. फोन आला तो गादी आणि पडद्यांसाठी, खेळण्यांचं नावही नव्हतं. मी खोली बघत होते तेव्हा मुलीची आई, ताईच म्हणते, मागून हळूच म्हणाली, "पडदे गेले तर गेले हो, पण तेवढं ससोबाचं काहीतरी बघा, ती मामाकडे आहे आणि रोज फोनवर पहिला प्रश्न त्याचाच." मुलगी ५ वर्षांची. ससोबा म्हणजे साधारण हातभर लांबीचा पांढरा ससा, आता राखाडी. त्याच्यासोबत आणखी वीसेक जनावरं, एक तीन फुटी टेडी आणि एक कापडाची बाहुली.

खेळणी धुण्याबद्दल नेटवर जे सापडतं ते बहुतेक धूळ, लाळ, सांडलेलं दूध यासाठी असतं. धुराचं प्रकरण वेगळं, आणि इथे नक्की कशाचा धूर होता हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही, म्हणून थोडं त्याबद्दल.

कागद-लाकूड भसाभस पेटलं की जी काजळी पडते ती कोरडी, भुरभुरीत असते, झटकली तरी बरीच निघते. पण प्लास्टिक, रबर, फोम कमी आचेवर धुमसत राहिलं की धूर ओला असतो, म्हणजे त्यात डांबरासारखा तेलकट भाग जास्त, बोट फिरवलं की मेणचट काळा पट्टा उठतो. इथे हाच होता. वायरचं कव्हर पीव्हीसीचं, ती स्वस्तातली योगा मॅट पण पीव्हीसीची. शुद्ध पीव्हीसीत वजनाने अर्ध्याहून जास्त, साधारण ५७ टक्के, क्लोरीन असतो, तो जळताना हायड्रोजन क्लोराईड होऊन बाहेर पडतो आणि हवेतल्या ओलाव्याशी जमला की सरळ हायड्रोक्लोरिक ॲसिड. म्हणजे खेळण्यांवर नुसती काळी पूड नाही, आंबट तेलकट थर बसलेला असतो. त्या खोलीतल्या कपाटाची बिजागरी आणि एका अस्वलाच्या जॅकेटची मेटलची चेन, दोन्ही दोन दिवसांत गंजायला लागली होती, त्यावरूनच मला अंदाज आला.

त्यात भर म्हणजे सिलिंडरची पावडर. सोसायट्यांमध्ये जो एबीसी म्हणतात तो सिलिंडर असतो, त्यात मुख्य माल मोनोअमोनियम फॉस्फेट, फिकट पिवळी बारीक पूड. कोरडी असेपर्यंत ठीक, पाणी लागलं की चिकट लगदा होतो आणि तोही किंचित ॲसिडिकच. थोडक्यात काय, या घरात ओल्या फडक्याला पहिले काही दिवस बंदी असायला हवी होती.

पण तसं होत नाही ना. आग विझल्यावर घरात माणसं जमतात आणि प्रत्येकाला मदत करायची असते. कामवाल्या मावशींनी ओल्या फडक्याने चार-पाच खेळणी पुसून काढली, त्यांच्यावर आता काळे फराटे होते, पुसण्याची दिशासुद्धा दिसत होती. एक युनिकॉर्न मशीनमध्ये ६० डिग्रीवर धुतला गेला, तो बाहेर आला एकसारखा राखाडी होऊन आणि अंगावरची लव कुरळी. सगळ्यांवर मोगऱ्याचा रूम फ्रेशनर मारलेला. आणि कळस म्हणजे शेजारच्या काकूंनी वास जावा म्हणून खोलीत धूप घातला, म्हणजे धुराच्या वासावर उपाय म्हणून आणखी धूर! काकूंचं मन चांगलं, काही बोलता येत नाही.

यातलं काय नडलं ते एकेक सांगण्यापेक्षा मूळ गोष्ट सांगते. काजळी म्हणजे कार्बनचे कण, मायक्रॉनपेक्षाही बारीक, आणि त्यांच्यावर तेलाचं पुट. रगडलं की ते कण धाग्याच्या आत जाऊन बसतात. गरम पाण्याने तेलकट भाग मऊ होऊन अख्ख्या अंगावर पसरतो. सॉफ्ट टॉयची लव पॉलिस्टर नाहीतर ॲक्रिलिकची असते, पॉलिस्टर साठ-सत्तर डिग्रीच्या पुढे मऊ पडायला लागतं, वाकलेल्या अवस्थेत थंड झालं की तसंच राहतं, त्या युनिकॉर्नची कुरळी लव काही आता सरळ होणार नाही. आणि ब्लीचचं म्हणाल तर कार्बनला ब्लीच होत नाही, तो मुळातच काळा आहे, रंग नाही की उडेल, तो उचलूनच काढावा लागतो. धुराचा जो पिवळा-तपकिरी डाग असतो त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साईडचा थोडा उपयोग होतो, काळ्यावर शून्य. शिवाय क्लोरीनवालं ब्लीच ॲसिडच्या संपर्कात आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि इथे खेळण्यांवर ॲसिडच बसलेलं, त्यामुळे ती बाटली मी घरातून आधी बाजूलाच काढायला लावली.

पहिलं काम फोटो. ताईंच्या घराचा विमा होता, त्यात सामानही धरलेलं, सर्व्हेअर यायचा बाकी होता. धुवून चकाचक करून ठेवलं तर तो बघणार काय? प्रत्येक खेळण्याचा एक आणि सगळ्यांचा मिळून एक असे फोटो काढले, मग हात लावला.

छाटणी

आता खरं काम. लोकांना वाटतं की धुणं हे काम आहे. माझ्या मते धुराच्या केसमध्ये अर्ध्याहून जास्त काम काय धुवायचं, काय उघडायचं आणि काय टाकायचं हे ठरवण्यात आहे, कारण सॉफ्ट टॉय म्हणजे किचनच्या चिमणीचा फिल्टरच, फक्त डोळे लावलेला. आत भरलेलं पॉलिस्टर फायबर पाणी जवळजवळ घेतच नाही, हवेतला ओलावा धरायची त्याची ताकद ०.४ टक्के, कापसाची ८ च्या आसपास, पण तेल मात्र ते धरून ठेवतं. म्हणजे साबणाचं पाणी आत नीट जात नाही आणि धुराचं तेल आतून नीट बाहेर येत नाही. वरची लव स्वच्छ झाली, हुंगलं तर छान, आणि दोन दिवसांनी पोरीने मिठी मारली की दाबलेल्या पोटातून परत करपट वास. लोक म्हणतात "वास परत आला". परत कसला येतोय, तो गेलाच नव्हता.

छाटणी करताना मी सगळ्यात आधी विचारते की कुठलं खेळणं कुठे होतं. गरम धूर वर जातो, छताखाली थर धरतो आणि तिथून खाली उतरत येतो. त्यामुळे कपाटावर बसवलेली खेळणी सगळ्यात वाईट, त्यात तो तीन फुटी टेडी होता. बेडवरची मधली, ससोबा त्यातला. खालच्या ड्रॉवरमधली बरी. आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या बॉक्समध्ये जी सहा-सात होती त्यांना नुसता वास होता, डाग एकही नाही, ती उन्हातल्या हवेवर आणि एका साध्या धुण्यात सुटली, त्यांच्याबद्दल पुढे काही सांगण्यासारखं नाही. जाता जाता, त्याच खोलीत सावंतवाडीच्या लाकडी भाज्यांचा सेट होता, तो कोरड्या आणि मग किंचित साबणाच्या फडक्याने पुसला की झाला. लाकडावर रंगाचं गुळगुळीत कोटिंग, धूर बसतो तो वरच बसतो.

टाकायची कुठली? वितळलेली, कडा करपलेली, हे तर उघडच. आत फोमचे तुकडे भरलेली, कारण स्पंजातून असा धूर निघत नाही आणि सुकायलाही वेळ लागतो. बाळ तोंडात घालतं अशी, या घरात तसलं बाळ नव्हतं. इथे मी जरा कडक असते आणि लोक नाराज होतात, पण काजळी हा काही नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्लिश सर्जनने घरांची धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा कॅन्सर काजळीशी जोडून दाखवला होता, तेव्हापासून हे माहीत आहे. एकदा घरात धूर झाला म्हणून कुणी घाबरून जाऊ नये, पण रोज रात्री तोंडाशी धरून झोपायची वस्तू वेगळी आणि भिंतीवरचा डाग वेगळा. काम करताना आम्हीही नायट्राईलचे ग्लोव्हज आणि एन-९५ मास्क घालूनच करतो.

आणि समजा हाच धूर इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा असता, आजकाल लोक बॅटरी काढून घरात आणून चार्जिंगला लावतात, तर मी सगळीच सॉफ्ट टॉइज टाकायला सांगितली असती, ससोबासकट. लिथियम बॅटरीच्या धुरात फ्लोराईड असतात, कोबाल्ट-निकेलसारखे धातू असतात, ते धुवून गेले की नाही हे घरात बसून हुंगून कळत नाही.

कोरडं आधी

खेळणी गच्चीवर नेली. खोलीत झटकलं असतं तर काजळी परत खोलीतच. जमिनीवर जुनी चादर, वारा पाठीमागून, आणि व्हॅक्यूम. त्यातही, घरगुती व्हॅक्यूम चालत नाही असं नाही, पण मागे हेपा फिल्टर नसेल तर पुढून ओढलेली बारीक काजळी तो मागून फवारतो. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. नळीच्या तोंडावर जुन्या स्टॉकिंगचा तुकडा रबरबँडने ताणून लावला, म्हणजे सुटे डोळे, बटणं, मणी आत जात नाहीत, आणि तोंड लवेला न टेकवता बोटभर वर धरून फिरवायचं. ब्रशचं तोंड नाही लावायचं, ब्रश म्हणजे रगडणंच. लव एका हाताने उलटी करत मुळाशी जायचं. सिलिंडरची पावडर सगळी इथेच निघाली पाहिजे, काखेत, कानामागे, शेपटीच्या बुडाशी ती लपते.

मग ड्राय स्पंज. हा रबराचा स्पंज असतो, त्याला पाणी लावायचंच नाही, नुसता टेकवून उचलायचा किंवा एकाच दिशेने हलका ओढायचा, काजळी त्याला चिकटते. काळा झाला की वरचा थर कापून टाकायचा. ऑनलाइन मिळतो. सपाट कापडाचे चेहरे, फेल्टची नाकं, पंजे यांच्यावर याचा रिझल्ट फार छान येतो, लांब लवेवर तितका नाही.

इथे एक गंमत सांगायचा मोह होतोय. मुलं खेळतात तो प्ले-डो, तो मुळात खेळणं नव्हताच. अमेरिकेत सिनसिनाटीच्या कुटॉल कंपनीने १९३० च्या दशकात घरातल्या कोळशाच्या शेगड्यांनी काळा पडलेला वॉलपेपर पुसायला तो गोळा बनवला होता, भिंतीवर फिरवायचा आणि काजळी उचलायची. पुढे कोळसा गेला, धंदा बसला, आणि १९५६ मध्ये तोच गोळा मुलांसाठी विकायला आला. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या मग कणीक मळून आणते. तत्त्व बरोबर आहे हो आजी, पण लवेत कणकेचे कण अडकले की मुंग्या येतील.

धुणं, आणि सोडा का

कोरडं काम संपल्यावर पाणी. टबमध्ये कोमट पाणी, हात सहज बुडेल इतपतच, पाच लिटरला दोन मोठे चमचे खायचा सोडा आणि लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड, ईझी-जेंटील असलं कुठलंही, अर्धं बूच. तेलकटपणा जास्त असेल तर भांड्याच्या लिक्विडचे काही थेंब. जास्त नको, फेस आत गेला की काढता काढता नाकी नऊ येतात आणि राहिलेला साबण पुढे धूळ धरतो. खायचा सोडा अशासाठी की इथला मळ ॲसिडिक आहे, सोडा सौम्य अल्कली, तो त्याला मारतो. धुण्याचा सोडा वापरू नका, तो फारच कडक, लोकरीची तर वाटच लावतो.

हेच जर घरात कुणी सिगारेट ओढणारं असतं आणि वर्षानुवर्षांचा तो वास असता तर मी उलट केलं असतं, पाण्यात पांढरं व्हिनेगर घातलं असतं, कारण निकोटीन स्वतः अल्कलीकडे झुकणारं आहे, ॲसिडमध्ये त्याचं क्षार होऊन पाण्यात विरघळतं. आणि गॅसवर कुकर विसरून चिकन करपलं असतं तर तिसरंच, डाग जवळजवळ दिसत नाही, पातळ पिवळट थर आणि वास मात्र भयंकर, तिथे एन्झाईमवालं डिटर्जंट आधी. लोक विचारतात सोडा चांगला की व्हिनेगर, तर आधी जळलं काय ते सांगा. आणि दोन्ही एकत्र ओतून जो फसफसाट होतो तो बघायला मजा येते, काम काही होत नाही, दोघं एकमेकांना संपवून मोकळे.

खेळणं पाण्यात टाकून पिळायचं नाही. उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधायचं, दाबायचं, सोडायचं, पाणी काळं झालं की बदलायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत. फराटे पडलेल्या खेळण्यांवर मऊ टूथब्रशने लवेच्या दिशेने, मुळाकडून टोकाकडे. मावशींनी पुसलेल्या पाचातली तीन बऱ्यापैकी निघाली, दोन फिकट राखाडी राहिली ती राहिलीच. युनिकॉर्न पण राखाडीच. ताईंनी ठरवलं की तो आता राखाडी युनिकॉर्न, पांढऱ्याचा हट्ट सोडला, मला तो निर्णय फार आवडला.

ससोबा उघडला

ससोबा धुवून भागणार नाही हे मला कोरड्या कामातच कळलं होतं. नळी बाजूला ठेवून पोट दाबलं तर शिवणीतून करपट हवा आली. म्हणजे फायबरपर्यंत गेलंय. इथे बहुतेक लोक दोनपैकी एक करतात, एक तर पुन्हा पुन्हा धुतात, नाहीतर टाकून देतात. तिसरा रस्ता आहे आणि तो स्वस्त आहे: भरणच बदला. मूल ओळखतं ते कातडं, कान, चेहरा. आतल्या फायबरवर कुणाचा जीव नसतो.

ताईंना ते ऐकून कसंतरीच झालं, "म्हणजे कापायचं?" कापायचं नाही, उसवायचं. प्रत्येक फॅक्टरीच्या खेळण्याला एक शिवण हाताने बंद केलेली असते, तिथूनच भरण आत गेलेलं असतं. बहुधा पाठीवर नाहीतर शेपटीखाली, टाके किंचित वेडेवाकडे असतात, बोटाने चाचपलं की लागते. सीम रिपरने, म्हणजे टाके उसवायच्या छोट्या हत्याराने, तेवढीच उसवली. आतलं सगळं फायबर काढलं, वरचं पांढरं, मधलं पिवळट, गळ्यापाशी चक्क धुरकट.

आणि काढलेलं भरण टाकायच्या आधी ते किचनच्या काट्यावर तोललं, हात-पाय-डोकं वेगवेगळं. ही पायरी कुणी करत नाही आणि मग नवं खेळणं एक तर फुगा होतं नाहीतर गोणी. पाच वर्षांचं मूल काळोखात खेळणं वजनावरून आणि मान कशी लवंडते त्यावरून ओळखतं. ससोबाची मान वर्षानुवर्षं तिथेच धरल्यामुळे पातळ झालेली होती, ती तशीच ठेवली, नवं भरताना तिथे मुद्दाम कमी घातलं. ताई म्हणाली जरा गुबगुबीत करा की छान दिसेल. नको म्हटलं.

रिकामं कातडं आतून उलटं करून धुतलं, आतल्या बाजूच्या विणीत पण काजळी होती, भरलेलं असताना ती कधीच निघाली नसती. रिकामं असल्यामुळे सुकायलाही पटकन. नवं भरण गादी कारखान्यातून आणलं, रेक्रॉन म्हणून उशांसाठी किलोवर मिळतं तेच, मूठ मूठ पिंजून घातलं म्हणजे गोळे होत नाहीत. शेवटी पॉलिस्टरचा दोरा दुहेरी घेऊन लपवा टाका, एकदा ह्या काठाच्या घडीतून एकदा त्या, आणि ओढला की शिवण गडप. डोळे मागच्या वॉशरने घट्ट आहेत ना हे पोट उघडं असतानाच आतून बघून घेतलं, तशी संधी परत येत नाही.

बाकीची मंडळी

पाठीत गाणं वाजणारं एक कुत्रं होतं. त्याचा बॉक्स वेल्क्रोच्या कप्प्यातून निघाला, सेलच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड, ॲसिडच्या धुराचं काम. सर्किट गेलेलं. बॉक्स टाकला, कुत्रं धुतलं, आता ते मुकं आहे आणि घरातले सगळे याबद्दल खूश आहेत.

पेंग्विनमध्ये थर्मोकोलचे बारीक मणी होते. हे उघडायच्या भानगडीत पडू नका, मणी घरभर होतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत सापडत राहतात. त्याला फक्त वरून स्पंज, मग साबणाच्या फेसाचं फडकं, नुसता फेस, पाणी नाही.

क्रोशाचा हत्ती लोकरीचा, तो गार पाण्यात रिठ्याने. रिठे रात्री भिजवून, कुस्करून, गाळून ते पाणी. खऱ्या लोकरीला अल्कली सोसत नाही म्हणून त्याला सोडा नाही. पाण्यातून काढताना टांगायचा नाही, टॉवेलवर आडवा.

सगळ्यात अवघड कापडाची बाहुली. ताईच्या आजीने शिवलेली, आत जुन्या साडीच्या चिंध्या आणि सरकीसकट कापूस, परकराला लाल काठ. लाल रंग ओल्या कापसाच्या बोळ्याने तपासला, बोळा गुलाबी झाला, म्हणजे पाण्यात बुडवणं बाद. कापूस ओला झाला तर सरकी डाग सोडते, तेही आहेच. तिला फक्त कोरडं काम केलं, व्हॅक्यूम जाळीतून, मग स्पंज, आणि मग नुसता वेळ. गालावर एक राखाडी छटा राहिली. मी ती घासायला नकार दिला, कारण कापड जुनं, विरलेलं, घासलं असतं तर डागाऐवजी भोक आलं असतं. हिची चिंधी बदला म्हणून मी सांगितलं नाही, इथे आतलं भरण पण त्या आजींचंच होतं.

सुकवणं आणि कोठी

एप्रिलचं नाशिक म्हणजे सुकवण्यासाठी वरदानच. अभ्र्यात टॉवेलसकट घालून मशीनचा नुसता स्पिन, मग गच्चीवर जाळीच्या खाटेवर, वरून पातळ पांढरं कापड, थेट उन्हात रंग उडतो. अर्धवट सुकली की लव बारीक दातांच्या कंगव्याने मोकळी करायची, पूर्ण सुकल्यावर केली तर तुटते. हेच आषाढात घडलं असतं तर मी भरलेलं एकही खेळणं ओलं केलं नसतं, आत ओल राहून करपटाऐवजी कुबट वास, आणि तो बुरशीचा. ड्रायरची गरम हवा अजिबात नाही, वास थोडाही शिल्लक असेल तर उष्णतेने तो धाग्यात पक्का होतो.

त्यानंतर धान्याची रिकामी पत्र्याची कोठी. तळाला खायच्या सोड्याचं ताट आणि मत्स्यालयाच्या दुकानात फिल्टरसाठी मिळणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन पातळ कापडाच्या पुरचुंडीत, वर जाळी, त्याच्यावर खेळणी, झाकण घट्ट. शेगडीचा कोळसा टाकला तर चालेल का, तर थोडंफार चालतो, पण ॲक्टिव्हेटेडला जी सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात ती त्यात नसतात. खेळण्यांवर सोडा चोळून ठेवायचं काहीजण सांगतात, छोट्या लवेला ठीक, लांब लवेतून तो नंतर निघता निघत नाही. डांबरगोळ्या चुकूनही नकोत, नॅप्थलीन लहान मुलांच्या वस्तूंत घालायचं नसतं, जी-६-पीडी नावाच्या रक्तपेशींतल्या एन्झाईमची जन्मतः कमतरता असलेल्या मुलांना त्याने रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो.

ओझोन मशीनचं ताईंनी विचारलं, कुणीतरी कोटेशन दिलं होतं. ओझोनने वास कमी होतो हे खरं, तो वासाच्या रेणूंना ऑक्सिडाईज करतो. पण काजळी त्याने हलत नाही, रबर-इलॅस्टिक चिरतं, आणि मशीन चालू असताना खोलीत माणूस, पोपट, मनीप्लांट काही नको, नंतर नीट हवा खेळवायची. भिंती-कपाटं धुवून झाल्यावर शेवटचा उपाय म्हणून विचार करा म्हटलं, न धुतलेल्या खोलीवर ओझोन म्हणजे पैसे वाया.

वास गेला का, हे घरच्यांनी ठरवायचं नाही. त्यांची नाकं त्या वासाला बधिर झालेली असतात, माझंही दिवसभर त्यातच राहून होतं. प्रत्येक खेळणं स्वच्छ पॉलिथिनच्या पिशवीत बंद करून अर्धा तास उन्हात ठेवलं, उष्णतेने आत राहिलेलं जे असेल ते बाहेर येतं, मग पिशवी जराशी उघडून बाहेरच्या माणसाला हुंगायला लावलं. वरच्या मजल्यावरचे एक रिटायर्ड काका गच्चीवर झाडांना पाणी घालायला आले होते, त्यांना पकडलं. काकांनी काम भलतंच मनावर घेतलं, चष्मा काढून एकेक पिशवी. ससोबा पास, कुत्रं पास, हत्तीला "रिठ्याचा वास येतोय". राखाडी राहिलेल्या दोघांपैकी एक नापास, ते परत कोठीत गेलं आणि काकांनी नंतर पास केलं. बाहुलीला काका म्हणाले जुन्या कपाटाचा वास येतो, ताई म्हणाली तो आधीपासूनचाच आहे, राहू द्या.

राहिला तीन फुटी टेडी. कपाटावर बसलेला, थेट थरात सापडलेला, आत फोमची कात्रणं. वाढदिवसाला आलेला, दिसायला सगळ्यात भारी आणि मुलगी त्याच्याशी खेळतच नव्हती. तरी टाकताना घरात हळहळ झालीच. कामवाल्या मावशींनी विचारलं की आमच्या नातवाला नेऊ का, धुऊन घेते, आणि ताई "न्या" म्हणणारच होती. मी मध्ये पडले. आपल्या मुलीच्या उशाशी नको ते दुसऱ्याच्या बाळाच्या उशाशी कसं चालेल? मावशींना ताईंनी बॉक्समधली धुतलेली दोन चांगली दिली. टेडी तसाच कचऱ्यात ठेवला असता तर कुणीतरी उचलून नेलाच असता, एवढा मोठा टेडी कोण सोडतो, म्हणून गच्चीवर त्याचं पोट कात्रीने उभं फाडलं, डोकं वेगळं केलं, दोन काळ्या पिशव्या एकात एक घालून तोंड बांधलं आणि मुलगी मामाकडून यायच्या आदल्या दिवशीच घंटागाडीत दिला.